मागचं इंजिन

सुलक्षानं फोन खिडकीच्या काचेला टेकवून ठेवलाय.
म्हणाली, पप्पा, आता तुम्ही बघा, मी बोलत नाही.
तिथं सकाळचे साडेआठ. इथं कुळ्यात दुपारचे बारा.
प्रेमावतीनं हुमण उतरवलंय,
ओले हात लुगड्याला पुसत ती पडद्यालाच विचारते,
जेवलें गो?

झुरिक मागं सरतं.
ट्रामच्या तारा, घड्याळं, गॅलरीत गादी झटकणारा एक माणूस.
मग तळं. रुळांच्या इतकं लगत पाणी
की सवयीनं मी आधी खडी बघतो,
कुठं खचलीय का.
नाही. धुऊन मांडल्यासारखी.

मी सव्वीस वर्षं घाट चढलो.
चढलो कसला, चढवला.
कुळे ते कॅसलरॉक, गाडीच्या शेपटीला आमची इंजिनं.
बँकर म्हणतात त्यांना.
सोयरीक सांगताना कुणीतरी म्हणालं, मुलगा बँकरवर आहे,
तर सासरे सावर्ड्याच्या पतपेढीत मला शोधून आले.

सदतीसाला एक असा चढ.
पुढच्यानं शिटी द्यायची, आम्ही मागून रेटायचं.
आणि समोर?
कोळशाच्या वाघिणीची पाठ, तिच्यावर खडूचा आकडा,
नाहीतर शेवटच्या डब्यावरची पिवळी फुली.
दूधसागरला पोरं दारात लोंबकळून किंचाळायची,
माझ्या वाट्याला काचेवर तुषार,
वायपर,
आणि फुली.
मान वळवता आली असती, नाही असं नाही.
पण अँपिअरचा काटा बघायचा की धबधबा?

आज साठी उलटल्यावर कुणीतरी खिडकी दिली.

कूरच्या पुढं डोंगर उभेच राहिले.
मी विचारलं, चढ किती? तिनं तिकीट तपासनिसाला विचारलं
त्या नव्या, घशात खरवडणाऱ्या भाषेत.
चौदाला एक, पप्पा.
चौदाला! आणि मागं इंजिन?
नाही हो. एकटीच चढते.
मी गप्प झालो.
चेष्टा करतो असं वाटून ती हसली.

तिचा पासपोर्ट माझ्या जन्मावर निघाला.
सत्तावन साली सांग्याच्या नोंदवहीत
एका कारकुनानं वळणदार पोर्तुगीज अक्षरांत
माझं नाव, बापाचं नाव, आणि आमचं गाव चुकीचं लिहिलं.
ते गाव दुरुस्त करायला अकरा फेऱ्या,
मडगावचा वकील,
प्रेमावतीच्या दोन पाटल्या.
आता ती तिथल्या वृद्धाश्रमात
परक्यांच्या बापांना रात्रीतून तीनदा कुशीवर वळवते.
आज सुट्टी. कालची रात्रपाळी करून थेट गाडीत.

बर्फ सुरू झाला.
एक पूल, दगडी, वाकडा, वाऱ्यावर तोललेला,
त्यावरून आपलीच गाडी पुढं वळताना दिसते, लाल.
किती गं सुंदर, मी म्हणालो. उत्तर नाही.
सुलक्षा?

तेवढ्यात बोगदा.
काच काळी झाली आणि तिच्यात ती उमटली.
मान कलंडलेली, तोंड जरा उघडं,
ओठाच्या कडेला केसाची बट.
लहानपणी ड्युटीवरून परतायचो तेव्हा हीच अशी
पाटावरच डुलकत बसलेली असायची.
हाक मारणार होतो, नाही मारली.

उजेड आला. डोंगर, पांढरं तळं, ध्वज लावलेलं स्टेशन.
जग ज्याच्यासाठी पैसे मोजतं ते सगळं.
आणि मी बोगद्याची वाट बघत बसलो.

प्रेमावती म्हणाली, पान वाढलंय.
मी बोट ओठावर ठेवलं.
बाहेर फाटकापाशी मुरगावचा कोळसा येऊन थांबलेला,
बँकर जोडून झाले असणार,
ब्रेकची हवा भरल्याचा आवाज मला इथवर कळतो.
आता शिटी होणार. पुढच्याची एक,
मग मागच्याचं उत्तर, घर हादरवणारं.

फोनला बारीक भोक असतं, आवाज तिथून जातो.
मला ते माहीत आहे.
मी त्यावर अंगठा दाबून धरला.