क्रॉसिंग

आई दुपारी कळ्या उघडते.
शेडनेटच्या हिरवट उजेडात, मिरचीच्या मादी ओळीत,
उद्या उमलणारी कळी आजच ओळखून
चिमट्यानं काढते आतले निळसर केसर,
एकेक, मधल्या काडीला धक्का न लावता,
आणि देठाला बांधते लाल दोरा.
दुसऱ्या सकाळी डबीतली नराची भुकटी
त्याच दोऱ्यापाशी जाऊन लावायची.
एक कळी चुकली
तर सुपरवायझर अख्खी ओळ पुन्हा तपासायला लावतो.

आई याला क्रॉसिंग म्हणते.
मी बारावीत याचंच मोठं नाव
दोन मार्कांसाठी पाठ केलं.

पुस्तक इंग्रजीत आहे, मापारी सर वऱ्हाडीत.
"जो बोलते तो डॉमिनंट.
रिसेसिव्ह गप राह्यते,
पन मरत नाही, बापा."

कंपनीनं मोजायच्या आधी एक मिरची
आईच्या ओच्यातून घरी आली होती.
मोरीच्या पाण्यावर झाडं झाली,
सगळ्यांच्या मिरच्या माना खाली घालून.
आई म्हणाली, मादीवर गेल्या.
त्यांचंच बी पुढच्या साली टाकलं
तर काही झाडांवर मिरच्या उभ्या,
आभाळाकडे तोंड केलेल्या, थेट नराच्या ओळीसारख्या.
मी वही घेऊन मोजली.
तेवीस झाडं : सतरा खाली, सहा वर.
हिशेबानं पावणेसहा यायला हवी होती.
झाड पाऊण उगवत नाही.

सुयोगला क्रॉसिंगला घेत नाहीत.
हिरव्या पानांत लाल दोरा त्याला सापडत नाही.
तोडणीला नेला तेव्हा
पिकलेल्यांत निम्म्या कच्च्या आणल्या,
काकानं पाठीत धपाटा घातला,
आणि येडं हे नाव चिकटलं ते चिकटलंच.
शाळेत डॉक्टर आले, ठिपक्यांचं पुस्तक घेऊन.
इतर पोरं आकडे ओरडत होती.
सुयोग म्हणाला, ठिपके आहेत.

त्या रात्री मी धडा काढला.
पोरगा होणार की पोरगी, ते बापाकडून ठरतं,
हे मी मोठ्यानं वाचलं;
बाबा जेवत होते, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं.
त्यांनी पाणी मागितलं.
पुढचं पान मी मनात वाचलं.

"थांबली काहून?" आईनं विचारलं.
मी बाबा उठेपर्यंत वाट पाहिली.
मग सांगितलं, खालच्या आवाजात,
जसं कुणाचं तरी उधार सांगतात :
हे सुयोगला तुझ्याकडून आलं.
तुला तुझ्या बापाकडून.
तुझ्यात ते गप बसलं होतं.
(माझ्यातही असेल, नसेल.
ते कळायला मला मुलगा व्हावा लागेल.
हे मी सांगितलं नाही.)

मला वाटलं, रडेल.
ती तव्यावरची भाकर उलटायची विसरली, एवढंच.

"माह्या लग्नात बापानं हिरवं म्हणून
मातकट लुगडं आनलं होतं.
मांडवात सारे हासले.
पिऊन गेला असन दुकानात, म्हने.
जल्मात थेंब नाही घेतला त्यानं."
भाकरीचा करपट वास घरभर.
"त्याले हिरवंच दिसलं असन."

मग ती उठली, पत्र्याच्या पेटीतून ते लुगडं काढलं,
घडीवर पांढरी रेघ पडलेलं, डांबरगोळीच्या वासाचं,
कधीच न नेसलेलं,
आणि दिव्याखाली सुयोगपुढे पसरलं.
"कोनता रंग हाय रे हा?"

त्यानं आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं,
मग माझ्या,
नेहमीसारखं, उत्तर कुठं लिहिलंय का ते शोधत.

"आमच्याकडं पाहू नको," आई म्हणाली.
"तुले जो दिसते तो सांग."