कच्चा समुद्र

कोकणात जायचं ठरलं होतं.
सुट्टी तीन दिवसांची, त्यातला दीड
क्लच प्लेटनं खाल्ला, साकोलीच्या गॅरेजात.
मग मी म्हटलं, बाबूजी, समुद्र राहू द्या,
नवेगावचं जंगल बघू, तलावाच्या काठाकाठानं.
"गेटच्या आतलं?" ते म्हणाले,
"तिथी आमची हद्द नोती."

पुढच्या सीटवर बाबूजी,
पट्टा दोन्ही हातांनी छातीशी धरून,
जणू कुणी मागायला येईल.
बांधकाम खात्यात चौतीस वर्षं मैलकुली,
आणि हा रस्ता असा बसून पहिल्यांदा.
सारसाची जोडी दिसली लाखोरीच्या शेतात,
मी बोट दाखवलं.
त्यांनी मान हलवली, डोळे मात्र डांबरावरच.

"इथी मोरी खचली होती."
"हा तुकडा ठेकेदाराचा. फुफाटा निस्ता."
"इथी सुकरूचा पाय भाजला. पिंप कलंडला."
मी गाडी हळू केली.
सुकरू कोण, हे आईला ठाऊक असणार;
ती मागच्या सीटवर डब्यावर हात ठेवून
खिडकीबाहेर बघत राहिली.

गेटवर पोरगेलासा गार्ड, कानात वायर.
नाव: सोनबा वलथरे. वय: एकाहत्तर.
व्यवसाय?
निवृत्त लिहा, मी म्हटलं.
"रस्ता," बाबूजी म्हणाले.
त्यानं वर पाहिलं,
आणि तेच लिहिलं, बॉलपेन दाबून.

आत मुरूम. लाल, उकरलेला, चाकांखाली कुरकुरणारा.
ऐनाची झाडं, त्यांची मगरीच्या पाठीसारखी साल,
एक सांबर कान टवकारून उभं.
बाबूजी पुढं वाकले.
"डांबर नाही टाकलं?"
मुद्दाम नाही टाकलं, मी म्हटलं. जनावरांसाठी.
"मुद्दाम?"
पुढचे चार किलोमीटर ते बोलले नाहीत.

मग झाडी फाटली
आणि काठ आला, खडकांचा, वाकडातिकडा,
कुणी सुरुंग लावून अर्ध्यावर सोडून गेल्यासारखा.
वारा जानेवारीचा, उलटा, अंगावर येणारा.
पाणी खडकावर आपटत होतं
आणि मागं जाताना फटींतून गुरगुरत होतं.
पलीकडच्या टेकड्या धुक्यात, मोजता न येणाऱ्या.
आईनं पदर कानाला गुंडाळला
आणि म्हणाली, "बाप्पा, किती हे."

बदकं इतकी, की पाण्याला खडी पसरल्यासारखी.
गाईड म्हणाला, हिमालयाच्या पलीकडून येतात.
"कोनत्या रस्त्यानं?" बाबूजींनी विचारलं, गंभीरपणे.
गाईड हसला. ते हसले नाहीत.
उत्तराची वाट बघत उभे राहिले.

चप्पल काढून ते खडकावर उतरले.
टाचेनं दोनदा ठोकून पाहिलं.
"याची गिट्टी नाई होत. कपच्या पडतेत."
मग उकिडवे बसले, ओंजळ भरली,
आणि मी "अहो, नका" म्हणेपर्यंत
घोट घेतला.

"गोड हाय."
तलाव आहे, बाबूजी.
"समुद्र खारा असते ना?"
हो.
त्यांनी ओल्या हातानं मिशी पुसली,
लांबवर बघितलं, जिथं काठ दिसत नव्हता.
"मंग हा कच्चा समुद्र," ते म्हणाले.
"राहू द्या असाच."

जेवलो तिथंच. वाऱ्यानं पोळी उडवली एक,
लोणच्यात मुरमाची धूळ, दाताखाली कचकच.
कुणी तक्रार केली नाही.

परतताना गेटबाहेर चाक डांबरावर चढलं,
एक धक्का, आणि आवाज बदलला.
त्या वळणावर त्यांनी काचेवर टकटक केलं.
उतरले. रस्त्याच्या मधोमध एक दगड,
नारळाएवढा, ट्रकच्या चाकाखाली ठेवलेला कुणीतरी,
विसरलेला.
तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कडेला नेला,
फेकला नाही, ठेवला.
थोडा वेळ तिथंच उभे,
आमच्याकडे पाठ करून.

आईनं दार आतून उघडून धरलं.
पुढच्या वर्षी कोकण नक्की, मी गिअर टाकत म्हटलं.
पट्टा त्यांनी या वेळी स्वतःच लावला.
"तिकडं गँग कोनाची हाय?"