पोटाचा घेर

बाहेर सेहेचाळीस. मेडिकल चौकातलं डांबर
चपलेला सोडत नाही.
दिवसभर मी लोकांचे कूलर उघडतो,
कुजलेल्या ताट्या काढून नवा वाळा भरतो,
आणि सातला इथे येऊन हात धुतो,
कोपरापर्यंत, तीनदा,
सिस्टर उईके बघत असतात.

काचेत ती.
नाव नाही अजून, नुसतं ‘बेबी ऑफ सुवर्णा हेडाऊ’,
नऊशे दहा ग्रॅम.
माझ्या थैलीतली मोटर हिच्याहून जड.

डॉक्टर नाकाडे म्हणाले, दाह आहे.
मी म्हटलं, अंग तर गार लागते न जी?
म्हणाले, ताप वेगळा, दाह वेगळा.
पोटात असतानाच पाणपिशवीत जंतू गेले असतील,
त्यांच्यावर हिच्या रक्तातले राखणदार धावले.
जंतू आता सापडत नाहीत,
राखणदार थांबत नाहीत.
त्यांना थांबवणारं जे असतं
ते घडायला अजून तीन महिने हवे होते.

तेवढं मला कळलं.
अशी मोटर पाहिली आहे मी, स्विच बंद केला तरी फिरणारी,
वाइंडिंग जळेपर्यंत.
पुढे ते फुप्फुसांचं बोलले, डोळ्यांचं बोलले,
मी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे पाहत होतो.

दर चार तासांनी बेंबीवरून टेप.
काल वीस. पहाटे साडेएकवीस, पोट चकचकीत.
दूध बंद.
सुवर्णा तरी काढते. थेंब थेंब,
डबीवर तारीख, वेळ, आणि फ्रिजमध्ये.
‘काहून काढतं वं,’ तिची माय म्हणते, ‘पोट्टी पेत तं नाही.’
सुवर्णा पेनाला टोपण लावते.

काचेच्या आत छत्तीस पॉइंट आठ ठेवतात,
त्याहून कमी तिला सोसत नाही.
मी जन्मभर गरमीच्या विरुद्ध पोट भरलं
आणि आता त्या लाल आकड्याकडे बघत बसतो,
उतरू नको बाबा.

रात्री व्हरांड्यातला कूलर खडखडू लागला.
कोणी सांगितलं नव्हतं, मी उघडला.
पंख्याची पाती जाळीला घासत होती, एवढंच.
दीडला सिस्टर दारात आल्या.
‘साडेएकवीसच आहे.’
कमी नाही झालं?
‘वाढलं नाही,’ त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

झाकण बसवलं. चालू केला. गार वारा आला,
भिंतीशी झोपलेल्या कुणीतरी चादर ओढली.
एक स्क्रू हातातच राहिला होता,
कुठला, ते आठवेना.