रुमालाखाली

सौदे चालू असताना पेढीवर जाऊ नये म्हणतात,
पण धन्यकुमारशेठ तेव्हाच जरा खुशीत असतात,
म्हणून सकाळी अकराला मार्केट यार्डात गेलो.
संघ त्यांचा. जर्सी त्यांची.
पाठीवर आमच्या नावापेक्षा मोठं पेढीचं नाव,
रंग हळदीचा,
"म्हणजे रोज धुवायला नको."

चार मोसम त्यांच्यासाठी चढाया केल्या.
विट्याला, जतला, कवठ्याला,
आणि इचलकरंजीला शेवटच्या मिनिटाला
मधलं बोट मोडून गुण घेऊन परत आलो.
दवाखान्याचं बिल पाठवलं,
तर पेढीवरून पाव किलो हळद आली.
वर निरोप : तुपात कालवून लाव.
खोटं कशाला सांगू, गुण आला थोडा.
बोट तेवढं सरळ झालं नाही.

अस्लम नदाफ गेटपाशी मोटरसायकलवर थांबला.
आमचा कोपरारक्षक. माझ्यानंतर त्याचा नंबर.
म्हणाला, एका दमात बोल, बिरा. दम सुटला की मेलास.
मी पोत्यांच्या थप्प्यांमधून, हमालांना चुकवत,
चार लाख चार लाख चार लाख चार लाख
करत पेढीच्या उंबऱ्यापर्यंत आलो.
तिथं पाय थबकला. मधली रेघ.

शेठनी बस म्हटलं नाही.
चहा सांगितला, एकात दोन.
मग त्यांचंच सुरू झालं :
यंदा भाव पडलाय, निजामाबादचा माल स्वस्त सुटलाय,
केळी साठ रुपये डझन, पोरं खात्यात किती,
गाडीला डिझेल,
जिंकलो तर ढाल मिळती, ढाल काय बाजारात विकती?
आणि तासगावचा एक पोरगा, एकोणीस वर्षांचा,
नुसत्या बुटांवर खेळायला तयार आहे.
मी म्हणालो, शेठ, बोनसचं तरी.
ते म्हणाले, बोनस रेषा मैदानात असती, बाळा.
पेढीत नसती.
मुनीमजी हसले,
महिन्याच्या पगारातच धरलेलं हसू.

मग खांद्यावरचा रुमाल काढून
शेठनी हात पुढं केला.
"आकडा चारचौघांत बोलू नये."

रुमालाखाली उबदार काळोख असतो.
मी चार बोटं त्यांच्या मुठीत दिली.
अंगठा पहिल्यावरून सरकला,
दुसऱ्यावर थांबला. पेरावरची गाठ.
तिथंच फिरत राहिला,
हळकुंडावर फिरतो तसा :
नीट वाळलंय का, आत कीड आहे का,
मोडलं तर टणक वाजेल का.
चेहऱ्यावर काही नाही. नजर बाहेर, काट्यावर.
मला उगाच वाटलं,
विचारतील, दुखतंय का.

साडेतीन आले.
वाकडं बोट त्यांनी अर्धं धरलं होतं.

सांगायचं होतं की ती इचलकरंजीची ढाल
तुमच्या कपाटात अख्खी आहे.
पण रुमालाखाली तोंड उघडायचं नसतं,
आणि दम सुटला असता.
मी हात काढला नाही. उलट त्यांचंच मनगट धरलं,
अस्लम घोटा धरतो तसं, न आवळता, न सोडता.
काट्यावर एक पोतं चढलं, उतरलं.
मुनीमजींनी घड्याळाकडे बघितलं.
आणि माझ्या बोटांखाली शेठची नाडी
भलतीच जोरात पळत होती.
चार वर्षांत पहिल्यांदा कळलं,
दम यांनीही धरलेला असतो.

पावणेचार.
"आणि बुटं तुझी तू आणायची."

गेटपाशी अस्लमनं विचारलं, किती?
मी हात वर केला.
तो बराच वेळ बघत राहिला. "तीन का चार?"
त्याच्या मधलं, म्हटलं.

तो हसला, गाडीवरून उतरला,
पाय हळूहळू सरळ केला. गुडघा कट्‌कन वाजला.
"हा रुमालात मावत नाही, ते एक बरं हाय,"
म्हणाला, आणि थप्प्यांमधून आत गेला.
लंगडत नव्हता.
दिसत होता तोवर तरी.