नावापुढचा आकडा

सात गावं, सात डबे.
राइस मिलच्या पत्र्यावर एक,
दवाखान्याच्या टाकीला तारेनं आवळलेला एक,
एक आमच्या सांदवाडीत, बांबूच्या टोकाला.
मीच बसवले. शिडी धरायला कवडूमामा.

वर कोणी नाही. तालुक्याला मुख्य यंत्र नाही.
ज्याच्या पोटात त्याची वही:
कोणी निरोप पुढे नेला, कोणी मधेच गिळला,
कोण न पोचवता 'पोचवला' म्हणालं.
मिल गोदामाला ओळखते, गोदाम बोडध्याला,
म्हणून मिलचा बोडध्यावर विश्वास, पण निम्माच.
आणि महिनाभर बोलणं झालं नाही
तर तोही गंजतो, आढ्याला खोचून ठेवलेल्या विळ्यासारखा.

कापणीत गिरजाबाई नन्नावरेंना धुऱ्यावर साप चावला.
पोरानं विचारलं, लस कुठं?
माझा डबा म्हणाला: पाथरीला, चार बाटल्या.
उत्तर तीन दिवसांचं शिळं होतं.
बॅटरी उतरलेली, नवं विचारायला त्राण नव्हतं,
जुनंच त्यानं ताज्या तोंडानं सांगितलं.
पाथरीला रिकामं कपाट.
तिथून ब्रह्मपुरी, रात्रीचा रस्ता.
गिरजाबाई वाचल्या. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

दुसऱ्यांच्या वह्या मला वाचता येत नाहीत;
किल्ल्या ज्याच्या त्याच्या गावाला मीच देऊन आले होते,
शहाणपणा करून.
पण कळलं.
निरोप आमच्या घराला वळसा घालून जायला लागले,
रुसलेल्या सोयऱ्याचं दार टाळून वरात जाते तसे.
खोडता आली असती ती फक्त माझी वही.
तिच्यात माझ्याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं.

कवडूमामा म्हणाला, "डब्बाच बदलून टाक ना गा पोरी,
नवं नाव, कोरी वही. कोनाले काय समजते?"
खरं होतं. नव्याला कोणी ओळखत नाही,
पण नव्यावर कोणाचा रागही नसतो.
दोन दिवस नवा डबा खोक्यासकट खाटेखाली होता.

मग फक्त बॅटरी बदलली.
आठवडाभर कोणी काही विचारलं नाही.
नंतर एका पहाटे मिलनं विचारलं,
बोडीत पाणी किती?
मिलच्या मागेच बोडी. तिला ठाऊक असणारच.
डबा म्हणाला, चार फूट, दोन बोटं.
मी काठी घेऊन गेले, गुडघाभर चिखलात,
मोजून आले.
चार फूट, दोन बोटं.

तिकडे काय लिहिलं गेलं, माहीत नाही.
गिरजाबाई परवा दारावरून गेल्या, काठी टेकत.
बोलल्या नाहीत.
बांबूकडे मात्र मान वर करून पाहिलं.