बाद माल

केळ्याला तेरा अंश लागतात, सफरचंदाला एक,
संत्र्याला पाच. झोपेत विचारलंत तरी सांगेन.
बरक्याच्या कोल्ड स्टोरेजात अकरा वर्षं
मी फळांची थंडी राखतो.
कंप्रेसर जरा खोकला
की अंथरुणातून उठतो,
तान्ह्या पोरासाठी उठावं तसा.

गुरुवारी संध्याकाळी बाद मालाची पेटी
रिफअतसाहेब पायानेच आमच्याकडे सरकवतात:
डागाळलेली केळी, मार लागलेली सफरचंदं,
शेंडा कंटेनरच्या दारात चेपलेला एक अननस.
सही करावी लागते. रकान्याचं नाव, विल्हेवाट.

विल्हेवाट लावायला आम्ही चौघं निघतो
खलफानच्या पिकअपमधून, टायरची हवा उतरवून,
अल अब्यदच्या वाळूत,
जिथे जानेवारीत खरोखरीचं कुडकुडायला होतं,
माझ्या खोल्यांतल्यासारखं नव्हे.

विस्तव बशीर तांडेलचा. दाभोळचा माणूस,
दुसऱ्या कुणी काटकी सरकवलेली त्याला खपत नाही.
लाकूड समरचं, आपसूक पडलेलं.
उभ्या झाडाला हात लावायचा नाही
हे खलफानने पहिल्याच रात्री सांगितलं,
पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.
जाळ बसू दे, बशीर म्हणतो, घाई कसली,
निखारा पिकू दे.
फळांत जन्म गेला माझा,
निखाराही पिकतो हे ठाऊक नव्हतं.

केळं सोलायचं नाही.
पोटाच्या बाजूने चीर द्यायची, देठापासून शेंड्यापर्यंत,
पाठ फाटू द्यायची नाही.
चिरेत गूळ. गूळ माझा, नेसरीचा,
विमानतळावर कुत्र्याने दोनदा हुंगलेला.
साल काळी ठिक्कर पडेस्तोवर थांबायचं.
सात मिनिटं, पदम म्हणतो. तो पोखऱ्याचा,
सगळं घड्याळावर करतो, रुसणंसुद्धा.

सफरचंदाचा गाभा काढायला
माझ्या पेटीतला एकोणीस नंबरचा बॉक्स पाना,
उकळून ठेवलेला, ह्याच एका कामाचा.
भोकात खजूर, वेलची, तुपाचं बोट,
वर फॉइल, आणि राखेत पुरायचं.
अननसाच्या चकत्यांवर मीठ टाकावं की नाही
यावर गेल्या हिवाळ्यात बशीर आणि खलफान
तीन आठवडे बोलत नव्हते.
आता अर्ध्या चकत्यांवर टाकतात.

गूळ उकळून चिरेबाहेर येतो, निखाऱ्यावर ठिबकतो,
करपल्याचा तो वास.
बोटीत, ट्रकमध्ये, माझ्या खोलीत,
झाडावरून उतरल्यापासून ह्या केळ्याला
ऊब म्हणून लागू दिली नव्हती कुणी.
पदमने पहिला घास घेतला, जीभ भाजून घेतली,
तोंड उघडं ठेवून वाफ सोडत राहिला.
मग म्हणाला,
सर, हे खराब नव्हतंच की.

साडेदहाला फोन थरथरला.
खोली तीन: चार अंश. मग पाच.
कुणी काही विचारलं नाही. बशीरने विस्तवावर वाळू लोटली,
राखेतलं शेवटचं सफरचंद चिमट्याने उचललं,
त्यावर आणखी एक फॉइल, त्यावर त्याचा रुमाल,
आणि माझ्या जॅकेटच्या खिशात कोंबलं.

बेल्ट तुटला होता, एवढंच.
बाराच्या सुमाराला पंखा लागला,
आकडा उतरायला लागला: पाच. चार.
बाराशे पेट्या सफरचंदांच्या,
एकीलाही वास नाही.
मी तीनची वाट बघत उभा,
उजवा हात खिशात,
तेवढा कोमट.