कणी

अडीचला उठते. गजर लावलेला नसतो.
ओटीपोटात डाव्या अंगाला
कुणीतरी ओलं फडकं पिळतं, पिळतच राहतं,
पाणी संपलं तरी सोडत नाही.

गुडघ्यांमध्ये उशी, गुडघे छातीशी.
गरम पाण्याची पिशवी कधीच निवलेली,
तिच्या रबराचा वास तेवढा अंथरुणात.
चार वेळा न्हाणीकडे जाऊन आले,
बॅटरी पावलांपुढे धरून, जनावराच्या भीतीने.
उल्हास कूस बदलतो, "अजून जागीच आसंस?"
आणि उत्तर द्यायच्या आत घोरतो.
बरंच आहे. त्याला चारला बंदरावर जायचंय.

कुडाळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
सोनोग्राफीत काही नाही.
दहापैकी किती दुखतं?
सहा, म्हटलं.
आठ म्हणायची लाज वाटली.
ते "काही नाही" मांडीवर घेऊन एसटीने वेंगुर्ल्याला आले.
रोज रात्री ते माझ्याआधी जागं होतं.

काजूच्या कारखान्यात मी प्रतवारीला, अकरा वर्षं.
अख्खा गर, पाकळी, तुकडा, कणी.
बोटांना बघावं लागत नाही.
आता झोपही तशीच निवडून ठेवते,
कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, बारीक अक्षरात:
सोमवार तुकडा.
मंगळवार कणी. बुधवार कणी.
चतुर्थीच्या आदल्या रात्री एक पाकळी, कशी कोण जाणे.
अख्खी शेवटची कधी, ते जुन्या कॅलेंडरांत असेल,
ती पोरीच्या वह्यांना कव्हरं घालण्यात गेली.
पोरगी यंदा बारावीला.

गेल्या महिन्यात समोरच्या स्टुलावर
शिरोड्याची रोझलीन आली.
एका कुल्ल्यावर बसते, दहा मिनिटांनी दुसऱ्या.
कुणाच्या लक्षातही आलं नसतं.
माझ्या बुडाखालची लुगड्याची घडी,
दबून दबून पोळीसारखी झालेली,
मी टेबलाखालून पायाने तिच्याकडे सरकवली.
तिने वर न बघता विचारलं, "रात्री?"
"कणी," मी म्हटलं.
ती एवढ्या मोठ्याने हसली
की मुकादम येऊन दोघींची टोपली तपासून गेला.

आज पुन्हा अडीच.
पूर्वेला डोकं करून झोपलं की
शिरोडा माझ्या डाव्या कुशीला येतं.
डावीच दुखते.
तरी वळले तिकडे,
आणि इंजिनांचे आवाज सुरू होईपर्यंत
तशीच पडून राहिले.